बिनविरोध

दहिवडीच्या एसटीत शेजारी बसलेले ते निवृत्त फौजी मला पुन्हा कधी भेटले नाहीत. पांढऱ्या मिशा, कडक इस्त्रीचा सदरा आणि बोलताना दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवायची सवय. त्यांची सून पुढच्या बाकावर होती.

शांतिसेनेत असताना त्यांनी परक्या देशात मतदानाचा बंदोबस्त केला होता. "बाया पहाटंपासनं रांगेत. बंदूकवालं आडवं आलं की आमी मधी हुबं ऱ्हायचो."

"मग आली का तिथं लोकशाही?"

"आमी हुतो तवर हुती. आमी निघालो, बंदूकवालं परत आलं. भाईरनं आणल्याली टिकत न्हाई, पाव्हणं. ती तिथल्याच मान्सानं धरावी लागती."

आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. शाळेत सरांनी शिकवलेलं नागरिकशास्त्रच हा माणूस बोलतोय, असं वाटून मला भरून आलं. कुठं निघालात, असं मी विचारलं.

"तहसीलला. सुनंनं सरपंचपदाचा अर्ज भरलाय, त्यो माघारी घ्यायचाय. गाव आमचं कायम बिनविरोध. देवळात बसून ठरतं, त्येच."

सून मागे न वळता म्हणाली, "मामंजी, त्या बायांसाठी मधी हुबं ऱ्हायलासा. माज्या निस्तं शेजारी हुबं ऱ्हायला असता, तरी चाललं असतं."

"गावात ऱ्हायचं हाय, पोरी," असं म्हणून ते खिडकीबाहेर बघू लागले.

लोकशाही त्यांच्याच घरात कुणी न आणता उगवली होती. तहसीलपाशी ते आधी उतरले. सून जागेवरच बसून राहिली.

"आवं ताई, उतरायचं न्हवं?" कंडक्टरनं विचारलं.

तिनं पदर सावरला आणि ती उतरली.