काट्यावरचं इष्टलिंग

खजुरी गावातल्या आमच्या विहिरीत पोहताना गळ्यातला दोरा तुटला आणि आम्हा लिंगायतांच्या अंगावर जन्मभर असतं ते इष्टलिंग तळाशी गेलं, तेव्हा मी लहान होतो, शाळेत जायचो. अप्पा, म्हणजे माझे वडील, चाबूक घेऊन काठावर उभे राहिले. बघायला निम्मं गाव जमलं. "लिंग अंगावर न्हाई तर तू मेलास. मेलेल्याला भाकर कशाला?" असं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. दिवस कलेपर्यंत मी गाळात बुड्या मारत होतो. वर आलो की पाठीवर चाबूक बसायचा, म्हणून वर कमीच यायचो. शेवटी ते हाताला लागलं. पाण्याची भीती माझी तिथंच गेली. अप्पांची धास्ती मात्र राहिली.

पुढं फौजेत गेलो. माझी उंची आणि दमसास बघून तिथं मला रोइंगच्या बोटीत बसवलं. वल्ही मारत मारत मी देशाच्या संघात पोचलो. गट हलक्या वजनाचा. या गटात शर्यतीआधी काट्यावर उभं करतात आणि वजन किंचित जास्त भरलं तरी बोटीत बसू देत नाहीत. म्हणून आम्ही उपाशी राहायचो, स्वेटरवर स्वेटर चढवून उन्हात धावायचो, तोंडातली लाळसुद्धा थुंकून टाकायचो. कोच आमच्यासमोर बसून आंबे खायचा. मुद्दाम. त्या माणसाचा मला आजही संताप येतो.

परदेशातल्या मोठ्या स्पर्धेत, अंतिम शर्यतीच्या सकाळी, मी जास्त भरलो. कोचनं माझं डोकं भादरायला लावलं. तरी जास्त. लिंगाची चांदीची डबी मी स्वतःच उतरवली आणि लिंग नुसतं फडक्यात बांधून गळ्यात ठेवलं. काटा अजून जरा पुढंच. कोच म्हणाला, आता तो दगड काढ. बोटीतला माझा जोडीदार हात जोडायला लागला. मी गळ्यापाशी हात नेला आणि मला विहीर दिसली. हात तसाच खाली आला.

माझ्या जागी राखीव खेळाडू बसला. मी काठावरून शर्यत बघितली. त्यांना पदक मिळालं, मला सगळ्यांनी वेड्यात काढलं. पुन्हा संघात कुणी विचारलं नाही. तरी खरं सांगतो, माझा ऊर भरून आला होता. घरी एक माणूस तरी माझी बाजू घेईल, असं वाटत होतं.

गावी पोचलो तेव्हा अप्पा जेवत होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी घास संपवला, पाणी प्याले.

"काढून ठेवायचं होतंस की. तिथं कोण बघायलतं?"

त्यांच्या उघड्या गळ्यात काहीच नव्हतं. उन्हाळ्यात दोऱ्यानं खाज सुटते म्हणून त्यांचं लिंग मागं खुंटीला लटकत होतं.

"मग विहिरीवर मला कामून मारलात?" मी विचारलं.

"तवा गाव बघायलतं," ते म्हणाले, आणि आईकडे आणखी एक भाकर मागितली.