होडीसाठी ठेवलेली काच

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी बोईसरला एका कारखान्याच्या फाटकावर आमच्या संघटनेची पत्रकं वाटत होते. समोरच्या कामगाराने पत्रक धरलं, पण माझ्या हातून ते सुटेचना... त्याला ओढून घ्यावं लागलं.

सुमनआत्या कुंभवलीजवळच्या एका कारखान्यात माल सुकवण्याच्या खात्यात होती. निवृत्त होऊन आमच्याकडे, किनाऱ्यावरच्या एडवणला आली, तेव्हा बाबांचा होड्या बांधायचा धंदा बंद पडायच्या बेतात होता. पावसाळ्यात मासेमारी थांबते, होड्या किनाऱ्यावर येतात. डागडुजीचा हंगाम तोच. पण दमट हवेत लाकूड सुकत नसे, त्यावर चढवलेला फायबरचा थर चिकटच राही. गिऱ्हाइकं गुजरातकडे वळू लागली होती. आत्याला मात्र वेगळाच प्रश्न पडला: मध्येच उघडीप होते, तेव्हाचं ऊन जातं कुठे?

तिने भलीमोठी शेड आखली. छपराचा दक्षिण उतार काचेचा, काचेखाली काळा पत्रा, तिथली तापलेली हवा पंख्याने आत आणि ऊब धरून ठेवायला फरशीखाली दगडगोटे. भिंती जाड, फटी बुजवलेल्या. गाव हसलं. "आमी हितं घामानं निथळतो, नि ताय शेड तापवते," आमचे मुख्य कारागीर दामूदादा म्हणाले.

"घाम तुम्हाला येऊ दे दादा, होडीला नको."

तरीही पहिल्या पावसाळ्यात थर चिकटच राहिला. आत्याने पंखा तपासला, पत्रा तपासला. एका दुपारी आम्ही न कळवता गेलो, तर पश्चिमेचा दरवाजा सताड उघडा. होडी बांधताना तिचं तोंड दर्याकडे हवं आणि मध्ये आडोसा नको, अशी आमच्याकडची रीत.

"कोंडून बांधलेली होडी पाण्यात बुजते," दामूदादा म्हणाले. "तिला दर्या दिसत नाय, तवर माजा हात चालत नाय."

मी उसळले. अंधश्रद्धेवर माझं भाषण तयारच असतं. आत्याने मला हातानेच थांबवलं. "दादा, होडीला दर्या किती दिसायला हवा?"

दादा गोंधळले. मग होडीच्या पुढच्या टोकाशी गुडघे वाकवून उभे राहिले, एक डोळा मिटला आणि हातांनी हवेत चौकोन दाखवला. "येवडा पुरंल."

तेवढी काच दारात बसली, दरवाजा बंद राहिला, थर कडक झाला. त्या होडीवर बोटाने टकटक करत आत्या कितीतरी वेळ फिरत होती.

तिचा त्या रितीवर विश्वास होता का? मी विचारलं होतं. "ठाऊक नाही गं. पण उघड्या दाराने ऊब जाते, तसा बंद दाराने दादांचा हात थांबतो. मला दोन्ही धरायला हवं ना?" माझ्या कुठल्याच पत्रकात हे मावत नाही, आणि मी अजून त्यावर विचार करते...

परवा शेडमध्ये गेले. दारातल्या काचेवर दर्याचं मीठ चढतं. ते रोज सकाळी पुसणं आत्याचं काम. तिचं फडकं दाराच्या कडीला ओलं लटकत होतं, काच लख्ख होती. दामूदादा नव्या होडीपाशी उभे होते.

"हिचं तोंड उंच हाय, पोरी. काच वर घ्याय लागंल. ताय असती तर..."

मी दारापाशी गेले आणि फडकं कडीवरून काढलं.

"किती वर, दादा?"