काळ्या कुत्र्याला पावडर

माझी मारेगावहून नेरला बदली झाली, म्हणजे जिल्ह्याच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाला. सामानाचं काही नाही, ते टेम्पोत जातं. पण नेरच्या घरमालकानं फोनवरच बजावलं, "कुत्रं आणसान त चावी भेटणार नाही." आणि आमच्याकडे कुत्रा होता. काळा कुळकुळीत. चार वर्षांपूर्वी बस स्टँडवरून बायकोच्या मागं मागं घरी आलेला. नाव ठेवण्यावरून आमचं दोघांचं कधी जमलं नाही, म्हणून त्याला नुसतं 'ए' म्हणायचो. त्याला पंधरा दिवसांत चांगलं घर शोधायचं होतं, नाही तर तो पुन्हा स्टँडवर. बायकोनं सांगून टाकलं, "त्याची सोय झाल्याबिगर मी टेम्पोत बसत नाही."

मग ठरलं, की छानपैकी फोटो काढून कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा. फोटो मी काढणार. ऑफिसातल्या प्रत्येक निरोप समारंभाचे फोटो मीच काढत आलो आहे, त्यामुळं यात कोणी मला शिकवायची गरज नव्हती.

फोटोला ऊन पाहिजे, ही माझ्या वडिलांची शिकवण. आमच्या लहानपणी ते सगळ्या घरादाराला सूर्याकडे तोंड करून उभं करायचे, त्यामुळं घरच्या एकाही फोटोत कोणाचे डोळे उघडे नाहीत. तरी फोटो स्वच्छ. म्हणून मी मे महिन्याच्या भर बारा वाजता कुत्र्याला गच्चीवर नेलं. त्यानं दोन पावलं टाकली आणि सरळ खाली पळाला. बायको म्हणाली, "पाय भाजले त्याचे. तुमी चप्पल काढून उभे राहा बरं तिथं."

मग फोटो अंगणात काढला. ग्रुपवर पहिला प्रश्न आला, "ताडपत्री विकायची आहे काय?" दुसऱ्यानं विचारलं, जळालेलं पोतं कशाला टाकलं. मला असा राग आला म्हणता. पण फोटो मोठा करून पाहिला तर खरंच नाक कुठं, डोळे कुठं, काही पत्ता नाही. पांढरीशुभ्र भिंत आणि मधे एक काळा गोळा.

आता आमच्या भागात फोटोच्या आधी माणूस पावडर लावतो. मुलगी पाहायला आले तरी पावडर, ओळखपत्राचा फोटो असला तरी पावडर. मी विचार केला, काळ्या तोंडावर उजेडच थांबत नाही ना, मग थांबवू. बायकोचा डबा आणला आणि त्याच्या थोबाडाला चांगला हात फिरवला. तो अकरा वेळा शिंकला. बायको दारात उभी राहून पाहत होती. "लग्नात तुमालेही लावलीच होती," ती म्हणाली, "काय उपयोग झाला?"

या फोटोत तोंड दिसलं खरं. पण ग्रुपवर लोक हळहळले. इतक्या म्हाताऱ्या कुत्र्याला आता कोण नेणार, शेवटचे दिवस तुमच्याकडेच काढू द्या म्हणाले.

चार दिवस उरले तेव्हा बायकोनं मोबाईलवर कुठंतरी पाहून मला सांगितलं, "ऊन उतरल्यावर काढा. सावलीत. अन् उभ्यानं नाही, खाली बसून, त्याच्या डोळ्यासमोर मोबाईल धरून." मी म्हटलं, माझा गुडघा काय म्हणतो माहीत आहे ना, आणि सगळी कॉलनी पाहत असताना कुत्र्यापुढं मी कायले बसू? संध्याकाळी काढला, तिचं तेवढं ऐकलं. पण उभ्यानंच. त्यात आली माझी लांबलचक सावली आणि सावलीत हललेलं काहीतरी काळं. वैतागून तोच टाकला.

दुसऱ्या दिवशी जवळच्या बंजारा तांड्यावरचे एक शेतकरी आपल्या बायकोला मोटरसायकलवर मागं बसवून दारात हजर. फोटो फिरत फिरत त्यांच्यापर्यंत गेला होता. मी घाईघाईनं म्हणालो, "फोटोत नीट आला नाही हो तो."

"म्हणूनच त आलो," ते म्हणाले. "शेतात डुकरं येऊन राह्यले. तुमच्या फोटोत आमाले दिसला नाही, मंग डुकराले काय दिसन."

त्यांच्या बायकोनं मात्र सरळ अंगणात फतकल मारली आणि कुत्र्याला आपल्या बोलीत, ये, बस म्हणावं तसं म्हणाली, "आव, बेस." तो गेला आणि तिच्या मांडीला टेकून बसला. जाताना मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसला, तिच्या हाताखाली मान घालून. आमच्या दोघांपैकी कोणाकडे त्यानं वळून पाहिलं नाही. मी म्हणालो, चला, एक काम झालं. बायको आत जाऊन भांडी बांधत बसली.

नेरला आल्यावर महिन्याभरानं त्यांच्याकडून मोबाईलवर कुत्र्याचा फोटो आला. ऊन उतरलेलं, घराची मातीची भिंत, तिच्यासमोर तो. दोन्ही कान उभे, मिशीचा केस न् केस मोजता यावा असा. खालच्या कोपऱ्यात घागऱ्याची किनार दिसत होती, म्हणजे ती बाई जमिनीवर बसून काढत होती. तो सरळ तिच्याकडे पाहत होता आणि त्याचे डोळे तपकिरी होते.

"याचे डोळे काळे होते ना?" मी बायकोला विचारलं.

"तपकिरीच होते," ती म्हणाली. "पैल्या दिवसापासून."

चार वर्षं रोज सकाळी मी त्याला पोळी टाकली होती. उभ्यानं. मला फार वाईट वाटलं, आणि ते तिला दिसलं. तिनं माझं ताट टेबलावरून उचललं आणि खाली, आपल्या ताटाशेजारी ठेवलं.

"बसा," ती म्हणाली.

मी खाली बसलो. गुडघा कडकन वाजला. जेवण होईपर्यंत फोटो आम्ही दोघांच्या मधे ठेवला होता.