साक्षीदाराच्या पिंजऱ्यातले केळुसकर सर

ॲडव्होकेट भालचंद्र केळुसकर यांना मी प्रथम पाहिले ते ठाण्यात, कायद्याच्या सायंवर्गात. ऐंशीचे दशक अर्धे सरले होते. आम्ही बहुतेक जण दिवसभर कुठेतरी कारकुनी करून आलेलो, डोळ्यांवर झापड. सरांनी आल्या आल्या विचारले, "आकाशात सोडलेल्या यानाचा तुकडा तुमच्या गच्चीवर पडला आणि पाण्याची टाकी फुटली, तर नोटीस कोणाला द्याल?" मागच्या बाकावरून उत्तर आले, "शनीला!" वर्ग हसला, सरही हसले आणि मग तासभर बोलत राहिले. जमिनीवरच्या माणसाने यान सोडा म्हणून कोणाला सांगितलेले नसते. त्याचे नुकसान झाले तर चूक कोणाची हे त्याने सिद्ध करायची गरज नाही, यान सोडणाऱ्या देशाने भरपाई द्यायची. पण उड्डाणाच्या कामात जे स्वतः हात घालतात, त्यांना हे संरक्षण नाही. खासगी कंपन्या या धंद्यात उतरल्या तसे त्यांच्या करारांत एक कलम ठरूनच गेले: प्रत्येक सहभागीने आपापले नुकसान सोसायचे, दुसऱ्यावर दावा लावायचा नाही. त्या दिवशी माझी झोप पार उडाली.

बाररूममध्ये सरांना 'आभाळाचे वकील' म्हणत. "केळुसकर, तुमच्या मंगळावरच्या अशिलाला तारीख कधीची पडली?" असे कोणी ना कोणी रोज विचारी. पोटापाण्यासाठी सर भाडेकरूंचे खटले, वाटण्या आणि वागळे इस्टेटमधल्या कारखान्यांचे करार पाहत. अंतराळ-कायद्याचे कागद मात्र ते कुठून कुठून मागवून, झेरॉक्स काढून, जिवापाड जपत. या विषयावर त्यांनी लिहिलेली टिपणे वाचायला आम्ही दोन-तीन शिष्यांखेरीज कोणी नव्हते. त्याचे त्यांना वाईट वाटत असे, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

पुढे मी त्यांची ज्युनिअर झाले. त्यांचा एक नेम होता. अशिलाला त्याच्या भाषेत कागद वाचून दाखवल्याशिवाय सही घ्यायची नाही. कल्याणच्या कोर्टाबाहेर मानपाड्याच्या एका आजींना जमिनीचा दस्त त्यांनी पायरीवर बसून अथपासून इतिपर्यंत वाचून दाखवला. आजी शेवटी म्हणाल्या, "आता पुन्यांदा वाच, बाबा." सरांनी पुन्हा वाचला. आत आमच्या नावाचा पुकारा होऊन गेला होता. मी कुरकुरले, तर म्हणाले, "तारीख पुन्हा मिळते गं."

माणूस म्हणून ते कसे, हे सांगायला माझ्या आईचे आजारपण पुरेसे आहे. आई डोंबिवलीच्या रुग्णालयात दोन महिने होती. त्या दोन महिन्यांत माझ्या वाट्याच्या साऱ्या तारखा सरांनी स्वतः केल्या आणि रोज संध्याकाळी निरोप धाडला, 'सगळे ठीक, येऊ नकोस.' सगळे ठीक नव्हते. एका न्यायाधीशांची बोलणी त्यांनी माझ्या चुकीपायी खाल्ली होती, ते मला तिसऱ्याकडून कळले.

इथवर लिहून थांबले असते तर सरांच्या साठीनिमित्त हा ग्रंथ काढणाऱ्या गौरवसमितीचे चिटणीस खूश झाले असते. "नीलाताई, साठीचा प्रसंग आहे, ती नाखवांची केस तेवढी नको," असे त्यांनी मला दोनदा बजावले. मी सरांना विचारले. सर म्हणाले, "ती नसेल तर लेखच देऊ नकोस."

तेव्हा ती लिहिते.

नव्वदीच्या सुरुवातीला वागळे इस्टेटमधल्या एका लहान कारखान्याला परदेशी कंपनीची ऑर्डर मिळाली. ती कंपनी पैसे घेऊन लोकांचे उपग्रह आकाशात सोडी. त्यासाठी लागणाऱ्या, दाबाखाली वायू भरायच्या टाक्या या कारखान्यात बनायच्या होत्या. कंपनीची अट होती की तेच कलम, म्हणजे आपापले नुकसान आपण सोसायचे, कारखान्याने आपल्याकडे काम करणाऱ्यांकडूनही लिहून घ्यावे. मालक अर्थातच सरांकडे आले. आयुष्यभर ज्या विषयाची टिंगल झाली, तो विषय आपल्या पायांनी चालत दारात आला होता. सरांनी आठ दिवस खपून कागद तयार केला. इंग्रजीत. त्यात सही करणाऱ्याचे वारसही बांधले जात होते.

सह्यांच्या दिवशी कारखान्यात टाक्यांना हार घातले होते, पेढे वाटले जात होते. टाक्यांचे सांधे जोडायला हिराजी नाखवा हे बाहेरून कामावर येत. चेंदणीच्या कोळीवाड्यातले. खाडीत मासळी राहिली नाही तसे होडी सोडून वेल्डिंग शिकलेले, आणि हात असा की सांधा बोटाला लागू नये. त्यांनी कागद हातात घेऊन विचारले, "सायेब, ह्याच्यान काय लिवलंय?"

सर म्हणाले, "तुम्हीही आता या उड्डाणातले सहभागी, असं लिहिलंय."

"म्हंजे मी पन राकेटवाला!" हिराजी म्हणाले. सगळे हसले, टाळ्या पडल्या. त्यांनी सही केली, शेजारी साक्षीदार म्हणून सरांनी केली. मी तिथेच होते, माझ्या हातात पेढा होता. सरांनी नेम मोडल्याचे माझ्या लक्षातसुद्धा आले नाही.

तीन महिन्यांनी माल पाठवायची घाई झाली. टाकीची दाबाची चाचणी आधी पाणी भरून घ्यायची असते, कारण पाण्याने टाकी फुटली तर नुसती फाटते. हवेने फुटली तर तिचा बॉम्ब होतो. पाण्याने घेतली की टाकी आतून सुकवण्यात दोन दिवस जातात, म्हणून मालकांनी ती हवेनेच घ्यायला लावली. एका सांध्यातून बारीक फुसफुस ऐकू आली. सांधा आपला, म्हणून हिराजी कान लावायला जवळ गेले.

त्यांच्या पत्नी गुलाबबाई भरपाई मागायला गेल्या तेव्हा त्यांच्यापुढे तो कागद ठेवण्यात आला. हिराजी पगारी कामगार नव्हते, त्यामुळे कामगारांचा कायदा त्यांना लागू नाही, असे मालकांचे म्हणणे. ते सहभागी होते, आणि सहभागी माणसाच्या वारसांना दावा नाही. सरांनी वर्गात शिकवलेलेच सारे, शब्द न् शब्द.

सरांनी मालकांचे काम सोडले आणि मला बोलावले. "त्या बाईंचा दावा मला घेता येत नाही. तू घे. आणि मला साक्षीला बोलाव."

"सर, तुमचं नाव जाईल."

"जाऊ दे ना. त्यांचं माणूस गेलंय, अगं."

ज्यांनी मला साक्षीदाराला प्रश्न विचारायला शिकवले, त्यांना मी ठाण्याच्या कोर्टात पिंजऱ्यात उभे केले. मी विचारले, "हा कागद आपण हिराजी नाखवा यांना मराठीत वाचून दाखवला होता का?"

"नाही."

"त्यांनी विचारलं होतं का, यात काय आहे?"

मालकांचे वकील ताडकन उठले. अशिलाच्या गोष्टी वकिलाला सांगता येत नाहीत, म्हणाले. सर न्यायाधीशांकडे वळले. "अशिलाचं बोलणं मी सांगत नाही. मी काय केलं ते सांगतो. त्यांनी विचारलं होतं. मी अर्धंच सांगितलं. जी गोष्ट ऐकून त्यांनी सही केली नसती, ती मी सांगितली नाही. मला त्या दिवशी फार आनंद झाला होता, हे एवढंच त्याचं कारण."

मला त्यांची दया आली नाही, राग आला. आनंद झाला होता म्हणे! तो राग अजून पुरता गेलेला नाही. गौरवग्रंथात हे बरे दिसत नसेल, पण त्यांचा गौरव मला याच दिवसासाठी करायचा आहे. तसे पिंजऱ्यात उभे राहायची छाती माझ्यात नाही, हे मी जाणून आहे.

कोर्टाने तो कागद गुलाबबाईंवर बंधनकारक नाही असे ठरवले. वागळे इस्टेटमधून सरांकडे नंतर एकही करार आला नाही. त्यांच्याविरुद्ध तक्रार झाली, चौकशी झाली, निघाले काही नाही. पण त्यात त्यांची तब्येत गेली ती गेलीच. आता जिना चढताना दोनदा थांबतात. बाररूममध्ये त्यांची थट्टाही कोणी करत नाही, आणि ते मला थट्टेपेक्षा वाईट वाटते.

मालक वरच्या न्यायालयात गेले. तिथून गेल्या वर्षी दावा पुन्हा खाली आला: परदेशी कंपनीचे म्हणणे ऐकलेले नाही, तिला पक्षकार करा, साक्षी नव्याने घ्या. त्या दिवशी त्या कारखान्यात हजर असलेले बाकीचे अजून मालकांकडेच कामाला आहेत, ते बोलणार नाहीत. मी दाव्यातली वकील, मला पिंजऱ्यात उभे राहता येत नाही. हिराजींनी काय विचारले आणि त्यांना काय उत्तर मिळाले, हे शपथेवर सांगणारा माणूस एकच उरला आहे.

लेख संपवण्याआधी मी कोळीवाड्यात गुलाबबाईंकडे गेले. सरांची साठी आहे, तुमच्यातर्फे काही लिहू का, म्हणून विचारले. सुकटीतला कचरा वेचता वेचता त्यांनी ऐकून घेतले. मग म्हणाल्या, "मी त्याना माफ केलेला नाय. ते त्याना ठावं हाय, मी तोंडावं सांगलंय. पन लिव, म्हातारा जगला पायजे. धडधाकट जगला पायजे. त्यांच्याबिगर माज्या मानसाच्या बाजूनं बोलनारा कोन हाय?"

सर, या ग्रंथात पानोपानी आपल्याला दीर्घायुष्य चिंतलेले असेल. त्यातली हीच शुभेच्छा मला सर्वांत खरी वाटते. औषधे वेळेवर घ्या, जिन्याची घाई करू नका. तारीख लागली की मी घरी न्यायला येईन.