मेंढरं कातरायची कातर

पाटलीणबाईनं माझे केस हातानं उचलले नाहीत. काठीच्या टोकानं उचलले. मेलेला उंदीर उचलावा तसे. तिच्या ओसरीपुढं मला उकिडवी बसवली होती. सांगोल्याकडच्या आमच्या वस्तीतली निम्मी माणसं बघायला जमलेली. आणि माझा बाप, आबा, मेंढरं राखणारा, हात जोडून सगळ्यांच्या मागं.

"जट हाय," ती म्हणाली. "देवीनं मागून घेतलीया हिला. पुनवंला माळ घाला आन् सोडा."

माझ्या डोक्यावर भंडारा ओतला. बायका पाया पडल्या. कालपर्यंत त्याच मला येडी म्हणत होत्या. पाटील दारात उभा राहून मला न्याहाळत होता. देवीला सोडलेली बाई पुढं कुणाच्या दारात जाते, हे गावात लहान पोरालाही ठाऊक होतं.

देवी कुठून आली? मी सांगते कुठून आली. तेव्हा मी विशीतली. कधी डोक्यात असं वारं भरायचं की झोप नको, भाकर नको. माळावर पळत सुटायचे. मेंढरं माझंच नाव घेऊन ओरडतात असं वाटायचं, आणि मी त्यांना उत्तरं द्यायचे. मग ते ओसरायचं. हातपाय जड व्हायचे. दिवसचे दिवस घोंगड्याखाली. यालाच कंटाळून नवऱ्यानं मला पावसाळ्याच्या तोंडी माहेरी आणून टाकलेलं. त्या पावसाळ्यापासून डोक्याला फणी लावली नव्हती, कारण हातच वर जात नव्हता. केसांचा गुंता झाला. एवढंच. पोरी, तुला काय होतंय, असं एकानंही विचारलं नाही.

घरी येऊन हे सगळं आबाला सांगितलं. आमची मेंढरं पाटलाच्या माळावर चरायची, आणि गोऱ्या सरकारच्या त्या दिवसांत पाटलाचा शब्द मोडायची कुणाची टाप नव्हती. आबा खाली बघत म्हणाला, "देवीला न्हाय म्हणायचं आसतंय व्हय, पोरी?"

"देवीला न्हाय. पाटलाला न्हाय म्हणतीया."

मेंढरं कातरायची कातर आढ्याला अडकवलेली होती. ती काढली. आबानं हात धरला, मी झटकला. जट कडक झालेली. कातर अडकली, कानामागं कापलं, रक्त आलं. थांबले नाही. उरलेले केसही मुळापासून उतरवले. नवरा जिवंत असताना बोडकी झाले. आबा तोंड झाकून रडत बसला.

मग भरदिवसा, बोडक्या डोक्यानं, ती जट घेऊन ओसरीवर गेले. पाटलीणबाईच्या पुढ्यात टाकली.

"देवीनं ही मागितली हुती न्हवं? घ्या. मी मिळायची न्हाय."

आता कुणी पाया पडलं नाही. पाटलानं मेंढरं माळावरून हाकलली. वस्तीनं आमचं पाणी बंद केलं. आम्ही सोलापूरला आलो आणि मी गिरणीत लागले.

डोक्यातलं वारं अजून गेलेलं नाही. येतं, आणि त्याच्या मागून ते जडपण येतं. आता दोघांनाही लांबून ओळखते. ते माझं दुखणं आहे. त्याच्यावर कुणी भंडारा टाकायचा नाही. केस पुन्हा वाढलेत. ज्या दिवशी हात उचलत नाही, त्या दिवशी आधी फणीच उचलते. रडत, शिव्या देत, पण विंचरते.

कातर दाराशी टांगलेली आहे. चाळीत कुणा पोरीला जट आली असं कानावर आलं की ती घेऊन निघते. पोरीजवळ बसते. तुला काय होतंय, हे तिला विचारते. तिचे केस ठेवायचे की कापायचे, तेही तिलाच विचारते. बाकी कुणाला काही विचारत नाही.