ह्यांच्या नावावरचं देणं

वसुलीवाल्याला मी आधी चहा दिला आणि मग हातातल्या पाटल्या काढून टीपॉयवर ठेवल्या. इतकी बावळट होते मी. वय अवघं चौसष्ट, अक्कल यायची होती. ह्यांना जाऊन महिनाही झाला नव्हता. "काकांनी लोन घेतलंय, मावशी. आज काहीतरी द्या," तो म्हणाला, आणि मला एवढंच सुचलं की देणं डोक्यावर ठेवून गेलेल्याला गती नाही.

तेवढ्यात उघड्या दारातून सोसायटीचे सेक्रेटरी आत आले, टाकी साफ करणार म्हणून सांगायला. असा माणूस तुमच्याही सोसायटीत असेल. गणपतीच्या वर्गणीची पावती फाडल्याशिवाय पाकिटाला हात न लावणारा. कामोठ्यातली आमची अख्खी बिल्डिंग त्यांना हसायची, सगळ्यात मोठ्याने मी.

त्यांनी पाटल्या उचलून माझ्या हातात दिल्या आणि त्याच्याकडे वळले.

"कागद?"

"फोनमध्ये आहे ना, काका. हे बघा."

"हा नुसता आकडा झाला. कर्ज कुणी दिलं, कधी दिलं, सही कुठाय? आणि तुम्ही कोण?"

"उद्या पोरं घेऊन येतो. मग तमाशा बघा."

"या. गेटवर नावं लिहून या."

तो गेल्यावर त्यांनी माझ्याकडून पत्र लिहून घेतलं: हे कर्ज आम्हाला मान्य नाही, करार आणि खात्याचा उतारा पाठवा, तोवर घरी येऊ नका. जाता जाता त्याने ज्या फायनान्स कंपनीचं नाव घेतलं होतं, तिला ते रजिस्टर पोस्टाने गेलं. तरी फोन येतच राहिले. घराला सील लावू, म्हणे.

"भाऊ, देऊन मोकळी होऊ का? चारचौघांत शोभा नको," मी सेक्रेटरींना म्हणाले.

"वहिनी, आधी कागद."

लिफ्ट थांबली की मी आधी दाराची कडी तपासायची. एका दुपारी तो खरंच दोघांना घेऊन आला. माझ्या दाराबाहेर सेक्रेटरी खुर्ची टाकून पेपर वाचत होते. रोजच बसायचे, हे मला तेव्हा कळलं.

"कागद आणलात?" त्यांनी विचारलं.

तिघं आले तसे जिन्याने उतरले. मी सेक्रेटरींना पाणी आणून दिलं, ते त्यांनी एका दमात संपवलं.

पुढे कंपनीचं पत्र आलं: नाव सारखं, माणूस दुसरा, तुमच्याकडे काही येणं नाही.

आज सेक्रेटरींच्या दारावर दुसऱ्याच कुणाची पाटी आहे. पण ते पत्र वाचून मी हसत सुटले होते, तेव्हा ते हसले नव्हते. म्हणाले, "वहिनी, जन्मभर संसार केलात त्यांच्याबरोबर, आणि विश्वास ठेवलात त्या वसुलीच्या पोरावर?"