दोन बोटांएवढं तोंड

सकाळी जांभई देताना माझ्या कानापुढे कट्ट वाजलं आणि जबडा अडकला. तोंडात जेमतेम दोन बोटं जात. आमच्या सिंदेवाहीकडे तोंड उघडत नसलं की लोक एकच निदान करतात, खर्रा. सुपारी, तंबाखू, चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून गालात धरायचा आणि वर्षागणिक तोंड आवळत जायचं. मी तर शाळेत शिकवणारी, पोरांच्या खिशातून खर्ऱ्याच्या पन्न्या काढून चुलीत टाकणारी. गावाला आयतंच सापडलं.

"मॅडम, तुमी पण खाता का जी?" शेजारणीने हळूच विचारलं. संताप आला, पण संतापायलाही तोंड उघडावं लागतं. वर्गात दातांतल्या दातांत शिकवत होते, घरी वरणात भात कुस्करून गिळत होते. कुणाकुणाला समजावणार?

कहर म्हणजे, दिवसभर खर्रा चघळणारा माझा नवराच म्हणाला, "चोरून खात असशीन, नाई तं असं काऊन होईन?"

त्या दिवसापासून मी त्याच्याशी बोलणं टाकलं. मग तोही मुकाट्याने माझ्यासारखा मऊ भात खाऊ लागला, ठेचा ताटाबाहेर सारू लागला. पस्तावला असेल, असं मी धरून चालले. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

शेवटी चंद्रपूरला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्याला मुद्दाम नेलं. निकाल त्याने स्वतःच्या कानांनी ऐकायला हवा होता.

बाईंनी कानापुढे बोटं ठेवून जबडा हलवायला लावला, गाल आतून चाचपले. "हा खर्रा नाही. गाल मऊ आहेत. सांध्यातली गादी सरकलीय. झोपेत दात आवळता का?"

झोपेत कशाला, मी जागेपणीही आवळतच होते. बाईंनी शेक सांगितला, जबड्याचा व्यायाम दाखवला, झोपताना घालायच्या पट्टीसाठी दातांचं माप घेतलं.

मी टेचात म्हटलं, "आता यांचंही बघा."

"मले काई नाई झालं," म्हणत तो खुर्चीत बसला. त्याच्या तोंडात दोन बोटंही गेली नाहीत. आत गाल पांढरे, ताठ. बाईंचा आवाज बदलला. "तिखट झोंबतं? कधीपासून?"

"लय दिवस झाले," तो म्हणाला. "हिले सांगणार होतो. पण माह्यासंग बोलूनच नव्हती राह्यली."

माझा जबडा महिन्याभरात सुटला. भात मी अजूनही मऊच शिजवते.